रात्री 9 वाजून 57 मिनिटांनी: व्यापार मंडळाच्या सदस्यांना बेळगावातून खुलं पत्र

केंद्र सरकारच्या व्यापार मंडळावर उद्योग-व्यापाराच्या बाजूनं बसणाऱ्या सदस्यांना,

सप्रेम नमस्कार.

मी बेळगावचा, राहायला शहापूरला. धंदा विचाराल तर कागदांचा. उद्यमबागेतली फौंड्री असो, मच्छेतलं मशीन शॉप असो, नाहीतर मार्केट यार्डातला कांदेवाला असो, माल परदेशी जायचा झाला की त्याचं इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिलाची माहिती, बँकेचे कागद माझ्या टेबलावर येतात. मी स्वतः आजवर किलोभर मालही निर्यात केलेला नाही. लग्न दुसऱ्याचं, मी आपला पत्रिका छापणारा. पण 22 वर्षं पत्रिका छापल्यावर कुणाचं लग्न का मोडलं, एवढं कळायला लागतं.

मंत्र्यांना किंवा अधिकाऱ्यांना न लिहिता तुम्हाला लिहितोय, त्याला कारण आहे. तुमचं मंडळ 1989 मध्ये नेमलं गेलं ते सरकारचा आणि व्यापाऱ्यांचा संवाद तुटू नये म्हणून. 2019 मध्ये राज्यांशी बोलणारी दुसरी परिषद त्यातच विलीन झाली. म्हणजे परदेशी व्यापाराबद्दल दिल्लीनं धंद्यातल्या माणसाला विचारायचं ठरवलं, तर ज्यांना विचारलं जातं त्यांत तुम्ही आलात. आम्हाला कुणी विचारत नाही, याची तक्रार नाही. इतक्या मोठ्या देशात प्रत्येकाला विचारत बसलं तर जहाज बंदरातच गंजेल. माझं गाऱ्हाणं निराळं आहे. ते कळावं म्हणून आधी दोन प्रसंग सांगतो.

पहिला प्रसंग परक्यांचा. 6 ऑगस्ट 2025 ला अमेरिकेच्या अध्यक्षांनी भारतीय मालावर आणखी 25 टक्के शुल्क लावणारा आदेश काढला. आधीचे 25 धरून 50. उद्यमबागेत त्या दिवशी चहाच्या टपरीवरसुद्धा दुसरा विषय नव्हता. पण मी सवयीनं आदेशाचा मजकूर काढून वाचला. वाढीव शुल्क 21 दिवसांनी लागू होणार होतं. 27 ऑगस्टच्या आत जहाजात चढलेला आणि 17 सप्टेंबरच्या आत तिकडं दाखल झालेला माल त्यातून सुटणार होता. न्हावा शेवाहून अमेरिकेला बोटीनं महिनाभर तरी जातो, त्यामुळं ही सवलत दिसायला मोठी आणि घ्यायला अवघड होती. तरी ज्यांच्या पेट्या तयार होत्या त्यांनी दोन दिवसांत गाडी भरली. एकानं पदरचं विमानभाडं सोसून माल धाडला आणि गिऱ्हाईक राखलं. बाकीच्यांना निदान फोन करून विचारता आलं की बाबा, पुढच्या लॉटचं काय करायचं, थांबवू की भाव वाटून घेऊ? 21 दिवसांत कुणी श्रीमंत झालं नाही. पण भट्टी कधी बंद ठेवायची हे ज्याचं त्याला ठरवता आलं.

दुसरा प्रसंग घरचा. 19 ऑगस्ट 2023, शनिवार. मार्केट यार्डातल्या एका कांदेवाल्यानं, माझा जुना गिऱ्हाईक, तोवर फक्त देशातल्या पेठांत माल पाठवला होता. त्या साली धाडस करून त्यानं आखाती देशात पहिला कंटेनर ठरवला. भाव ठरला, थोडी उचल आली, कांदा निवडून गोण्या भरल्या. शनिवारी दुपारी गाडी बेळगाव सोडून गेली. संध्याकाळी बातमी आली की कांद्यावर 40 टक्के निर्यातशुल्क, आणि तेही लगेच लागू. मी त्याला फोन केला तेव्हा ड्रायव्हर कराडच्या पुढं जेवायला थांबला होता. कांदेवाल्यानं विचारलं, "हे 40 टक्के कोण भरणार?" गिऱ्हाइकानं हात वर केले. ठरलेल्या भावात 40 टक्के भरायची याची ऐपत नव्हती. सोमवारी कांदा वाशी मार्केटात उतरवला आणि मिळेल त्या भावानं दिला. पुन्हा त्या माणसानं माझ्या टेबलावर कागद आणले नाहीत. भेटला की हसतो, चहा पाजतो, निर्यातीचा विषय काढत नाही.

आता सांगा, परका कोण आणि घरचा कोण?

तुम्ही म्हणाल, कांदा हा नाजूक विषय आहे, सरकारं कांद्यानं पडलेली आहेत. मान्य. माझ्या घरीही कांदा विकतच येतो आणि भाव उतरला की बरंच वाटतं. पण एक हिशेब मांडून बघा. ऑगस्ट 2023 ला 40 टक्के शुल्क. ऑक्टोबरच्या शेवटी टनाला 800 डॉलर किमान निर्यात मूल्य, म्हणजे त्याखालच्या भावात परदेशी विकायचंच नाही. 8 डिसेंबरपासून सरळ बंदी. 4 मे 2024 ला बंदी उठली, पण 550 डॉलरची अट आणि 40 टक्के शुल्क ठेवून. सप्टेंबरमध्ये अट गेली, शुल्क 20 वर आलं. 1 एप्रिल 2025 पासून शुल्कही गेलं. 20 महिन्यांत सहा वळणं. रब्बीचा कांदा रोप टाकल्यापासून काढणीपर्यंत पाच-सहा महिने घेतो, त्यानंतर चाळीत राहतो तो वेगळाच. शेतकऱ्यानं रोप टाकताना एक कायदा होता, लावणीला दुसरा, काढणीला तिसरा.

याच काळात आणखी एक गोष्ट झाली, ती तुमच्यातल्या कुणाच्या लक्षात असेल की नाही कोण जाणे. मे 2024 च्या अखेरीला ‘बेंगळुरू रोझ’ या कांद्याला तेवढी शुल्कातून सूट मिळाली. राज्याच्या फलोत्पादन आयुक्तांचं प्रमाणपत्र आणा आणि शुल्काविना न्या. कोलार-चिक्कबळ्ळापूरकडचा तो छोटा लाल कांदा, परदेशी जाण्यासाठीच पिकवलेला, इकडं त्याला फारसं गिऱ्हाईक नाही. त्याला सूट दिली ते योग्यच झालं. मला फक्त एवढं दिसलं की ज्याचं गाऱ्हाणं दिल्लीपर्यंत पोचवणारं कुणी होतं, त्याला वेगळी वाट मिळाली.

तांदळाचं तर विचारूच नका. 20 जुलै 2023 ला बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद झाली. खानापूर तालुक्याचा भात काही जहाजात बसून जात नाही, त्यामुळं आमच्या भागाला त्याची थेट झळ कमी. पण ते कागद मी वाचले आणि एक आकडा डोक्यात राहिला तो राहिलाच. मागून, 29 ऑगस्टला, जी वाढीव सवलत जाहीर झाली तिच्यात लिहिलं होतं की 20 जुलैच्या रात्री 9 वाजून 57 मिनिटं 1 सेकंद या वेळेआधी ज्यांनी शुल्क भरलं आणि माल कस्टम्सच्या ताब्यात दिला, त्यांचा माल जाऊ द्यावा. सेकंदापर्यंत हिशेब! आमच्याकडं मुहूर्त काढणारे भटजीसुद्धा घटका-पळांवर थांबतात. तेवढी सवलत यायलाही 40 दिवस गेले, आणि 40 दिवस बंदरात पडून राहिलेल्या मालाचं भाडं सेकंदानं नाही, दिवसानं लागतं.

रातोरात आलेला फटका मोठ्यालाही बसतो, नाही असं नाही. पण मोठ्याकडं एलसी असते, म्हणजे परदेशी गिऱ्हाइकाच्या बँकेनं पैशांची दिलेली लेखी हमी. विदेश व्यापार धोरणात अशी तरतूद आहे की निर्बंध येण्याआधी न फिरवता येणारी एलसी उघडलेली असेल आणि ती वेळेत नोंदवली असेल, तर तेवढा माल जाऊ शकतो. चांगली तरतूद आहे. पण बेळगावच्या कांदेवाल्याला एलसी कोण देतं? त्याचा व्यवहार उचल, फोन आणि शब्द यांवर चालतो. शिवाय तांदळाच्या बंदीत ही तरतूदही लागू नाही, असं स्पष्ट लिहून टाकलं होतं. म्हणजे छत्री दिली ती ज्याच्याकडं आधीच गाडी होती त्याला, आणि पाऊस आल्यावर तीही मागून घेतली.

एलसीवरून आठवलं. 1 नोव्हेंबर 2014 ला आमच्या गावाचं सरकारी नाव बेळगावी झालं. आम्ही घरात अजून बेळगावच म्हणतो, ते सोडा. पण त्या सुमारास एका गिऱ्हाइकाच्या एलसीत जुनं नाव आणि उत्पत्तीच्या दाखल्यावर नवं नाव आलं, आणि बँकेनं कागदात तफावत म्हणून पैसे अडवले. दोन्ही नावं एकाच गावाची आहेत हे परदेशातल्या बँकेला पटवून द्यायला तीन आठवडे गेले. सीमाप्रश्नाचा असा अभ्यास कुठल्या आयोगानं केला नसेल.

सल्ला देताना ‘निर्यातदारांचं हित’ असा शब्द तुम्ही वापरता. माझी विनंती, त्या शब्दाला जरा हलवून बघा, आत दोन-तीन जण सापडतील. 21 मे 2022, तोही शनिवारच, पोलादाच्या अनेक प्रकारांवर आणि पिग आयर्नवर 15 टक्के निर्यातशुल्क लागलं. दुसऱ्या दिवसापासून लागू. पोलाद कारखानदार म्हणाले, निर्यात मेली. इकडं उद्यमबागेत मात्र फौंड्रीवाल्यांचे चेहरे जरा खुलले, कारण पिग आयर्न आणि स्क्रॅप हाच त्यांचा कच्चा माल. ते कास्टिंग ओततात, मशीनिंग करतात आणि परदेशी पाठवतात. तेही निर्यातदारच! नोव्हेंबरमध्ये शुल्क गेलं, तेव्हा चेहऱ्यांची अदलाबदल झाली. कोण बरोबर आणि कोण चूक हे मी सांगायला बसलेलो नाही. सांगायचं एवढंच की शुल्क आलं तेव्हाही बुडालेले होते आणि गेलं तेव्हाही. ज्यानं शुक्रवारी चढ्या भावानं दोन गाड्या पिग आयर्न यार्डात उतरवून घेतलं, तो फौंड्रीवाला सोमवारी तेच लोखंड खालच्या भावात बघत बसला. त्याच्या गिऱ्हाइकानं लगेच सुधारित दर मागितला, आणि महागाचं लोखंड राहिलं याच्या गळ्यात. धोरण त्याच्या बाजूचं होतं, तरी तो बुडाला. बुडवलं ते तारखेनं.

युरोपचं बघा. बाहेरच्या लोखंड-पोलादावर तिथं कार्बनचं शुल्क, म्हणजे माल बनवताना किती कार्बन हवेत सुटला त्यावरचं शुल्क, आलंय, आणि ते आमच्यासारख्यांना जड जातंय, कारण कुठल्या भट्टीत किती वीज गेली याचा हिशेब ठेवायची आमच्या लहान युनिटांना सवय नाही. पण त्यांनीसुद्धा 1 ऑक्टोबर 2023 पासून सव्वादोन वर्षं नुसती माहिती मागितली आणि पैशाचा भाग 1 जानेवारी 2026 पासून सुरू केला. तेवढ्या काळात मी चार गिऱ्हाइकांना वीजबिलं महिनावार लावून ठेवायला शिकवलं. जाच आहेच, पण तारीख आधी सांगून आलेला जाच आहे.

रामचंद्रपंत अमात्य, बावड्याचे, म्हणजे आमच्या वरच्याच अंगाचे, 300 वर्षांपूर्वी आज्ञापत्रात साहुकाराला राज्याची शोभा म्हणून गेले. लगेच पुढं टोपीकरांविषयी, म्हणजे युरोपातून आलेल्या गोऱ्या व्यापाऱ्यांविषयी, सावधही करून गेले: हे व्यापारी दिसतात, पण त्यांच्या पाठीशी त्यांचा राजा उभा असतो. अमेरिकेचा आदेश वाचताना मला त्यांची आठवण झाली. आमच्या साहुकाराच्या पाठीशी कोण उभं आहे, हा प्रश्न मात्र अमात्यांना विचारून उपयोग नाही. तो तुम्हाला विचारतो.

ऊस हा आमच्या जिल्ह्याचा जीव की प्राण. साखरेची निर्यात 1 जून 2022 पासून ‘मुक्त’मधून ‘निर्बंधित’मध्ये गेली, ती त्यानंतर सरकार देईल त्या कोट्यावर आली. साखरेचा किमान विक्री दर 2019 मध्ये किलोला 31 रुपये ठरला. उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्यानं शेतकऱ्याला द्यायचा किमान भाव, तेव्हा, 2019-20 च्या हंगामात, क्विंटलला 275 रुपये होती, 2025-26 ला ती 355 झाली. या दोन आकड्यांच्या मध्ये कारखाना आणि शेतकरी एकमेकांच्या मानगुटीला धरून बसलेत. नोव्हेंबर 2025 मध्ये गुर्लापूर क्रॉसवर शेतकरी दिवसच्या दिवस रस्त्यात बसले होते, टनाला 3,500 द्या म्हणून. गोष्ट 3,300 वर मिटली. राज्य म्हणालं, निर्यात आणि किमान दर केंद्राच्या हातात. आणि त्याच महिन्यात केंद्रानं 2025-26 साठी 15 लाख टन साखर निर्यातीला परवानगी दिली. हीच परवानगी सप्टेंबरमध्ये, गाळपाआधी आली असती तर? कारखान्याला बाहेरचा सौदा आधी करता आला असता, आणि शेतकऱ्यापुढं भाव मांडताना त्याच्याही हातात काहीतरी असतं. मूग गिळून बसणाऱ्या कारखानदारांना मी साधू म्हणत नाही. पण तोही बिचारा पत्ते न बघता जुगार खेळतो, आणि हरला की उसाचं बिल थकवतो.

माझं आजोळ निपाणीजवळचं. आजी विड्या वळायची, मामा तंबाखू लावायचा. 1981 च्या तंबाखू आंदोलनात रस्त्यावर बसलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, माणसं गेली. त्यात मामाच्या ओळखीची घरं होती. तेव्हा मी लहान होतो. मोठा झाल्यावर या धंद्यात आलो आणि कळलं की वाणिज्य मंत्रालयाखाली तंबाखू मंडळ म्हणून संस्था आहे, ती लिलाव घेते, भावावर लक्ष ठेवते. आनंदानं मामाला सांगायला गेलो. मग नीट वाचलं, तर त्या मंडळाचे लिलाव व्हर्जिनिया तंबाखूचे, सिगरेटच्या, आंध्र आणि म्हैसूरकडच्या. निपाणीची विडीची तंबाखू त्यात बसतच नाही. मामा म्हणाला, "दिल्लीला तंबाखू म्हटलं की दुसरीच पानं दिसतात होय?" तुमच्या बैठकीत एखादा माल चर्चेला येतो, तेव्हा त्या नावाखाली कुणाची पानं दिसतात, एवढं एकदा विचारून बघा.

आमच्या जिल्ह्याची अडचण आणखी एका बाजूनं आहे. तुमच्या मंडळात राज्यांचेही प्रतिनिधी असतात. महाराष्ट्राचा माणूस आमच्यासाठी बोलणार नाही, कारण आम्ही त्याच्या हद्दीत नाही. कर्नाटकाचा बोलताना आधी बेंगळुरू बोलतो, त्यात त्याचंही चूक नाही. तरी दिल्लीला दोन्ही बाजू एकत्र बघता येत नाहीत असं मी मानत नाही. 2019 मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, ते महाराष्ट्राच्या चार आणि कर्नाटकाच्या चार जिल्ह्यांना मिळून. अथणीचा कारागीर आणि कोल्हापूरचा कारागीर एका कागदावर आले. चपलेला जे जमलं ते पुढं कांद्याला आणि कास्टिंगलाही जमावं.

आता मुद्द्यावर येतो. जानेवारी 2025 मध्ये विदेश व्यापार धोरणात दोन नवी कलमं घातली गेली. धोरणात बदल करण्याआधी आयातदार, निर्यातदार, जाणकार यांचं मत मागवावं, आणि मत मान्य केलं नाही तर का नाही हे कळवण्याची सोय असावी. वाचून मी त्या संध्याकाळी पेढे नाही, पण गणपत गल्लीतून पावशेर कुंदा घरी नेला, खरं सांगतो. पण त्यालाही दोन भोकं आहेत. अपवादात्मक परिस्थितीत सरकार न विचारता निर्णय घेऊ शकतं, आणि कांदा, तांदूळ, साखर यांची परिस्थिती 2022 ते 2025 या काळात अपवादात्मकच चालली. दुसरं भोक मोठं आहे. निर्यातशुल्क हा अर्थखात्याचा मामला, तो कस्टम्सच्या अधिसूचनेनं लागतो. व्यापार धोरणातली कलमं त्याला लागत नाहीत. माझ्या कांदेवाल्याला बुडवलं ते बंदीनं नाही, शुल्कानं.

तुमच्याकडं मागणं एवढंच. बैठकीत कुठलाही निर्बंध, शुल्क, कोटा याविषयी सल्ला द्याल, तेव्हा त्याच्यासोबत तारीख सांगा. बदल आजपासून नको, अमुक दिवसांनी. आणि घाई असेलच, तर बंदराच्या वाटेवर असलेला, करार झालेला, उचल घेतलेला माल आपोआप सुटला पाहिजे. एलसी असो वा नसो, गाडीच्या ई-वे बिलावर तारीख आणि वेळ दोन्ही छापलेली असतात, सेकंदाचा हट्टच असेल तर तीही सोय आहे.

यावर अधिकारी काय म्हणतील ते मला माहीत आहे. मुदत दिली की मोठे व्यापारी त्या मुदतीत गोदामं रिकामी करून माल बाहेर काढतील आणि इथले भाव भडकतील. ही भीती खोटी नाही. अन्नधान्याच्या बाबतीत मीही त्यांच्या जागी असतो तर घाबरलो असतो. पण वाटेवरच्या मालाला सोडून द्यायला मुदत द्यावी लागत नाही, आणि पोलादाला तर ती भीतीच लागू नाही. शिवाय ज्याला आधी कळतं तो आजही गोदाम रिकामं करतोच. तुमच्यापैकी कुणाला आधी कळतं असा आरोप मी करत नाही. पण टेबलाशी बसलेल्या माणसाला हवेचा वास येतो, आणि बेळगावपर्यंत येते ती शनिवारी संध्याकाळची बातमी. म्हणून आणखी एक सुचवतो: ज्या मालाविषयी तुम्ही सल्ला देता त्यात तुमचा स्वतःचा धंदा असेल, तर तो बैठकीच्या टिपणात लिहा. आमच्याकडं ग्रामपंचायतीत ठेक्याच्या विषयाला सदस्याचा मेव्हणा ठेकेदार निघाला, तर सदस्य उठून बाहेर जातो. निदान जायला पाहिजे, एवढं तरी सगळ्यांना ठाऊक असतं.

पुढच्या बैठकीची विषयपत्रिका आम्हाला पंधरा दिवस आधी मिळाली तर उद्यमबागेतले चार, मार्केट यार्डातले दोन आणि अथणीचा एखादा चपलेवाला मिळून आमचं म्हणणं लिहून पाठवू. आम्ही विचार मराठीत करतो, जमिनीचा उतारा कन्नडमध्ये काढतो आणि शिपिंग बिल इंग्रजीत भरतो. तुम्हाला कुठल्या भाषेत हवं तेवढं कळवा, आणि शक्यतो शनिवार सोडून.

आपला,
परदेशी मालाचे कागद करणारा एक,
शहापूर, बेळगाव